बोरकुटेभाऊंची सात युनिटं

बोरकुटेभाऊ कुणाच्याही घरी गेले की आधी पाणी मागायचे. तहान लागली म्हणून नव्हे. पेला उजेडाकडे धरून पाहायचे, एक घोट तोंडात घोळवायचे आणि निकाल द्यायचे, "बोरचं हाय. जड हाय. डाळ शिजत नसन तुमची." आमच्या कॉलनीत एकदा एका घरी वडील वारले. भाऊ भेटायला गेले, पाच मिनिटं मान खाली घालून बसले आणि निघताना थोरल्या मुलाला हळूच म्हणाले, "बाप गेला, त्याले इलाज नाई. पन टाकी धुवून घ्या."

वीज बनवणाऱ्या प्लांटच्या लॅबमध्ये त्यांनी जन्मभर पाणी तपासलं. मी त्याच प्लांटमध्ये फिटर. ते रिटायर झाले आणि चंद्रपुरात माझ्या शेजारचा प्लॉट घेऊन राहायला आले. लोक घरासमोर गाडी ठेवायला जागा सोडतात. भाऊंनी तिथे हौद बांधला आणि हिवाळा सरता सरता नागपूरहून सात कोई मासे आणले. लाल, पांढरे, एक पिवळाजर्द. आमच्या उन्हात माणसं टिकत नाहीत, आणि हा माणूस जपानी मासे पोसणार, म्हणून कॉलनी हसली. भाऊंनी हौदावर हिरवी जाळी बांधली आणि हसणाऱ्यांना पाण्याचं तापमान सांगायला सुरुवात केली.

चामोर्शीहून त्यांचे साळे आले होते. तळ्याकाठचा माणूस, माशाकडे जेवणाच्या नजरेनं पाहणारा. बराच वेळ हौदात बघून त्यांनी विचारलं, "भाऊजी, खावाचे नाई, विकाचे नाई, मंग पोसून काऊन राह्यले?"

"पाह्याले."

"पाहून पोट भरते?"

"तुमचं नाई भरनार," भाऊ म्हणाले.

माशांना त्यांनी नावं ठेवली नाहीत, नंबर दिले. युनिट एक ते युनिट सात. "युनिट चार आज लोड घेऊन नाई राह्यलं," म्हणजे चार नंबरच्या माशानं खाल्लं नाही. "युनिट दोन ट्रिप झालं होतं सकाळी," म्हणजे तो कोपऱ्यात जाऊन बसला होता. हौदाचं एक रजिस्टर होतं. तापमान, पाण्याचा रंग, किती पाणी काढलं, किती घातलं, काही बिघडलं तर कारण. त्यांच्या बाई, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "माह्या बीपीची गोळी कोनी लिहून ठेवत नाई या घरात."

दर रविवारी ते हौदातलं थोडं पाणी काढायचे आणि तेवढंच नवीन घालायचे. काढलेलं पाणी बादलीनं आमच्या वांग्यांना मिळायचं. नवीन पाणी मात्र दोन दिवस आधी उघड्या टाकीत भरून ठेवलेलं असायचं. "ताजं पानी माशाले चालत नाई, वासेकर. शिळं पाह्यजे. नळाचं औषध उडून जावं लागते."

खरा जीव मात्र फिल्टरवर. तीन निळे ड्रम पाइपानं जोडलेले. मधल्या ड्रममध्ये जाड चटया, त्यांवर तपकिरी, वास मारणारा थर. तो थर मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तोंड फिरवलं. भाऊ म्हणाले, "चिखल नोका म्हनू त्याले. कामगार हाय ते. माशाची घान खाऊन राह्यले तिथी बसून. आपल्याले दिसत नाई म्हनून काय झालं?" चटई धुवायची ती हौदाच्याच पाण्यात, बादलीत. दोन डुबक्या, आणि परत जागेवर. मी एकदा तिसरी डुबकी दिली तर त्यांनी माझं मनगट धरलं. "कामगार मरतीन नं, बाप्पा. नवीन भरती व्हाले दोन महिने लागते."

मे महिन्यात त्यांच्या मुलीचं बाळंतपण आलं. दोघंही पुण्याला निघाले. भाऊ दहा दिवसांनी परतणार होते, वहिनी तीन महिने राहणार होत्या. भाऊंनी मला रीतसर चार्ज दिला. रजिस्टरमध्ये लिहिलं, खाली सही केली, माझी घेतली. शेवटची सूचना एकच होती, "फिल्टरले हात नाई लावाचा. मी येऊन पाहीन."

नऊ दिवस मी सगळं नीट केलं. नवव्या दिवशी संध्याकाळी माझी बायको कुंपणाशी येऊन म्हणाली, "उद्या भाऊ येतीन. त्या ड्रमाचा वास घरात येऊन राह्यला. म्हनतीन, वासेकरनं दहा दिवस काईच केलं नाई."

माझ्या मनानं ते घेतलं. दोष तिला देत नाही. आमच्या खात्याची सवय अशी की मोठे साहेब येणार म्हटलं की आदल्या दिवशी पाइप घासून रंगवायचे. चालू आहे की नाही ते नंतर, आधी चमकलं पाहिजे. सकाळी उठून मी चटया काढल्या. नळाला पाइप लावून, बोटानं धार दाबून, पांढऱ्या होईपर्यंत धुतल्या. तिन्ही ड्रम काथ्यानं घासले. चटया दुपारपर्यंत गच्चीवर उन्हात टाकल्या. पापड तासाभरात वाळून कडक होतात त्या उन्हात. मग परत बसवल्या. भाऊंना बरं वाटेल, असंच मनात होतं. सूचना आठवत नव्हती असं नाही. म्हाताऱ्याचा चळ आहे, असं मला वाटलं होतं.

भाऊ आले, मासे मोजले, मला पुण्याची बाकरवडी दिली. दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. भाऊंच्या हातात परीक्षानळी होती, तपासायचे थेंब टाकल्यावर पाणी तिच्यात गडद हिरवं झालं होतं.

"पानी विषारी होऊन राह्यलं," ते म्हणाले. "कामगार कामावर नाई. वासेकर, फिल्टर उघडला होता का?"

"नाही," मी म्हणालो.

विचार करून बोललो असतो तर कदाचित खरं बोललो असतो.

भाऊंनी झाकण उचललं. चटया दुकानातून आणल्यासारख्या पांढऱ्या होत्या. ते पाहत राहिले. मग झाकण हलकेच परत ठेवून म्हणाले, "नवीन हाय नं फिल्टर. म्हनून असन. चला, पानी बदला लागन."

चार दिवस आम्ही पाणी बदललं. मी रजा टाकली. टाकीतलं शिळं पाणी पहिल्या दिवशीच संपलं, मग आमच्या घरातल्या भांड्यांत, टपात, कुलरमध्ये पाणी भरून शिळं करत ठेवलं. मी बादल्या उचलत होतो आणि भाऊ माझी काळजी करत होते. "कंबर सांभाळा. तुमी काऊन एवढं करून राह्यले?" मी पुढची बादली भरायला गेलो.

सहा मासे गेले. पाचव्यापर्यंत भाऊ नंबर सांगत होते. पिवळाजर्द गेला तेव्हा नंबर सांगितला नाही. पपईखाली खड्डा केला, त्याला ठेवलं आणि म्हणाले, "हा हातातून खात होता." उरला तो एकटा पांढरा. हौदाच्या मानानं फारच लहान दिसायचा.

पंधरा दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. त्यांना कळलंय की नाही, हे मला समजत नव्हतं. रोज संध्याकाळी मी जायचो, ते चहा करायचे, आम्ही त्या एका माशाकडे पाहत बसायचो. वहिनी नसल्यानं घरात दुसरा आवाज नव्हता. शेवटी एका रविवारी मी पायरीवर बसलो आणि म्हणालो, "भाऊ, मला एक सांगायचं होतं. त्या फिल्टरचं..."

भाऊ रजिस्टर लिहीत होते. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"सांगू नोका, वासेकर."

"पण भाऊ..."

"सांगतलं तर मले लिहा लागन." ते माझ्याकडे न पाहता, हौदाकडे पाहत बोलत होते. "लॅबमध्ये माह्यासंगं एक जन होता. एका टेबलावर डबा खात होतो आमी. एकडाव त्यानं पानी न तपासता मनानंच आकडा भरला. मलेच येऊन सांगतलं त्यानं, भरवशानं. मी रजिस्टरमध्ये लिहिलं. खरं तेच लिहिलं. त्याची बदली झाली."

"मग?"

"मंग काई नाई. रिटायर होतवर डबा एकट्यानं खाल्ला." रजिस्टर पायरीवर ठेवून म्हणाले, "त्यानं सांगतलंच नसतं तर बरं झालं असतं. बसा, चहा ठेवतो."

ते आत गेले. रजिस्टर पायरीवर उघडंच होतं. सहा माशांच्या सहा ओळी, तारीख, वेळ, पाण्याचं तापमान, सगळं त्यांच्या ठसठशीत अक्षरात. कारणाचा रकाना सहाही ठिकाणी कोरा होता. मी तिथे माझं नाव लिहू शकलो असतो. पण पेन ते खिशात घालून आत घेऊन गेले होते.