दौलत नानांची रांग

दौलत नानांनी एकदा एका पुढाऱ्याच्या मेहुण्याला एका तुटक्या चपलेच्या मागे उभं केलं होतं. मेहुणे जीपमधून आले होते. अंगात कडक इस्त्रीचा सफारी, गळ्यात साखळी, आणि डॉक्टरांकडे दोन मिनिटांचं काम. नानांनी दारात हात आडवा घातला.

"मी कोण आहे माहीत आहे का?" मेहुणे म्हणाले.

"माहीत आहे ना. तुम्ही ह्या चपलेच्या नंतरचे," नाना म्हणाले आणि खाली बोट दाखवलं. तिथे अंगठा तुटून दोऱ्याने बांधलेली एक चप्पल होती. मेहुणे थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि जीपमध्ये बसून निघून गेले. पुढचा महिनाभर आमच्या संस्थेचे अध्यक्ष त्या पुढाऱ्याच्या घरी माफी मागायला जात होते. नानांना त्याचं काहीच नव्हतं.

आमची संस्था जळगावच्या कडेला, पिंप्राळ्यात होती. दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड, एवढाच पसारा. सकाळी दवाखाना चाले, दुपारी बायकांना लिहायला-वाचायला शिकवायचा वर्ग भरे. तो मी घ्यायचे, नगरपालिकेच्या शाळेतून सुटले की. रविवारी धुळ्याहून एक वकील येऊन नवऱ्यांनी टाकलेल्या आणि दिरांनी सातबाऱ्यावरून उडवलेल्या बायकांना सल्ला द्यायचे. दारावरच्या पाटीवर लिहिलं होतं: आरोग्य, शिक्षण आणि सामाजिक न्याय. नाना म्हणायचे, "आरोग्य डॉक्टर बघतील. शिक्षण तुम्ही बघा, बाई. न्याय माझ्याकडे."

नानांचा न्याय म्हणजे रांग. नोकरीभर ते एसटीत होते, अमळनेरच्या स्टँडवर गाड्या सोडायच्या कामावर. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारी माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती आणि त्या रुमालांवर त्यांचा भयंकर राग होता. रिटायर झाल्यावर पिंप्राळ्यात घर बांधलं, माझ्या शेजारीच, आणि संस्थेत फुकट काम करायला लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी नावांची यादी बंद केली. यादीतली नावं वरखाली होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. खेड्यातून आलेला माणूस दारापासून ओळीने आपली चप्पल ठेवायचा आणि कडुनिंबाखाली जाऊन बसायचा. चप्पल नसेल तर पिशवी, पिशवी नसेल तर दगड. ज्याची चप्पल पुढे, तो पुढे. रांग सोडली की नंबर गेला, परत शेवटी लागायचं. दुसऱ्याच्या चपलेला हात लावायचा नाही.

"चप्पल म्हणजे माणूस," हे नानांचं आवडतं वाक्य. आणि कोणी पायाने चप्पल सरकवली की एरवी शुद्ध बोलणारे नाना एकदम अहिराणीत उतरायचे. "हाई चप्पल कोनी सरकाई? मानूस शे तठे, मानूस!" शेड दणाणून जायची. आत डॉक्टरांना छातीचे ठोके ऐकू येत नसत.

एकदा कुत्र्याने रांगेतली एक चप्पल पळवली. नाना काठी घेऊन पार मेहरूणच्या रस्त्यापर्यंत धावले. चप्पल काही मिळाली नाही. मग त्यांनी त्या जागी स्वतःची चप्पल ठेवली आणि अर्धा दिवस अनवाणी हिंडले. ज्याची चप्पल गेली होती तो म्हातारा आला, नानांची चप्पल बघून म्हणाला, "ही माझी नाही." नाना म्हणाले, "आता तुमचीच." म्हातारा औषध घेऊन नानांच्या चपला घालून घरी गेला. मी म्हटलं, "नाना, एक दगड ठेवला असता तरी चाललं असतं." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही.

देणगीदारांवर तर ते चिडायचे. एका मंडळाचे लोक रुग्णांना केळी वाटायला आले. जळगावात केळी! रांगेतल्या निम्म्या बायका रावेर-यावलच्या बाजूच्या, रोज केळीच्या बागेत राबणाऱ्या. मंडळींनी सोबत फोटोग्राफर आणला होता. नानांनी त्यांना सांगितलं, "वाटा की. पण तुमच्या चपला काढा आणि लागा मागे. नंबर आला की वाटा." दुपारपर्यंत केळी उन्हात काळी पडली, फोटोग्राफर लग्नाच्या ऑर्डरला निघून गेला.

मुंबईहून एक बाई संस्थेचं काम बघायला आल्या होत्या. फार मोठ्या होत्या म्हणे. त्यांनी विचारलं, "ह्यातले आपले लाभार्थी कोणते?" नाना लाल झाले. "लाभार्थी? तुम्ही तुमच्या आईला दवाखान्यात नेलं तर ती लाभार्थी होते का हो? आजारी माणूस आहे, आजारी म्हणा!" ह्या वेळी मात्र मी नानांच्या बाजूने होते. तो शब्द माझ्याही डोक्यात जातो.

हे सगळं मी हसत हसत सांगते आहे. पण नानांचा मला मनापासून राग होता, आणि त्याचं कारण अक्का.

अक्का म्हणजे नानांची बायको. संस्थेचा चहा, शिबिराची खिचडी, सगळं त्यांच्या हातचं. बोलणं कमी, हसणं जास्त. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आमच्या संस्थेत दर हिवाळ्यात डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर व्हायचं. नाशिकहून सर्जन यायचे, दिवसभरात जेवढी होतील तेवढी ऑपरेशनं करायचे, उरलेल्यांना पुढच्या हिवाळ्यात बोलवायचे. ते सर्जन जेवायला कोणाकडे असत? नानांकडे. पिठलं-भाकरी कोण वाढे? अक्का, चाचपडत. आणि तरी दोन हिवाळे अक्का तशाच राहिल्या.

का, तर नानांचा आणखी एक नियम. गावातल्याने लांबच्याच्या आधी चप्पल ठेवायची नाही. "आपण शेजारी राहतो, बाई. पारोळ्याचा माणूस पहिल्या एसटीने थंडीत कुडकुडत येतो. त्याच्याआधी हिची चप्पल ठेवली तर मी रुमाल टाकणाऱ्यांतलाच झालो ना?" म्हणून पहिल्या एसटीचे सगळे लोक लागले की मग नाना अक्कांची चप्पल ठेवायचे. पहिल्या हिवाळ्यात तिच्यापर्यंत नंबरच पोचला नाही. दुसऱ्या हिवाळ्यात पोचला, पण मागे एक आंधळा म्हातारा रडायला लागला आणि नानांनी अक्कांना न विचारता त्यांची जागा त्याला दिली.

मी चिडून म्हटलं, "सर्जन तुमच्या घरी जेवतात. नुसता एक शब्द टाका!"

"तोच शब्द टाकायचा नाही मला," नाना म्हणाले.

दुसरीकडे जायला अक्काच तयार नव्हत्या. इतकी वर्षं ज्या शिबिराची खिचडी केली, तिथेच आपले डोळे उघडायचे, हा त्यांचा हट्ट. दोघंही एकाच मुशीतले. तिसऱ्या वर्षी त्यांना माझा चेहरा दिसेना. चहात साखरेऐवजी मीठ पडायला लागलं आणि नाना तो चहा निमूटपणे पिऊ लागले. दिवाळीनंतर आमच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नानांना बसवून स्पष्ट सांगितलं, मोतीबिंदू पिकून चालला आहे, ह्या हिवाळ्यात ऑपरेशन झालं नाही तर पुढे करून उपयोग नाही. मला वाटलं, आता तरी हा माणूस वाकेल. छे!

शिबिराच्या दिवशी पहाटेपासून लोक येत होते. चपला, पिशव्या, दगड, एक काठी, एक कंदीलसुद्धा. रांग शेडमधून निघून फाटकाबाहेर गेली. पहिल्या एसटीची माणसं लागली आणि नाना अक्कांच्या चपला घेऊन आले, शेवटी ठेवल्या, नीट जुळवल्या. त्यानंतर कोणी आलं नाही. म्हणजे अक्का सगळ्यांत शेवटी. मी त्यांच्याशी भांडायला गेले तर म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गात उशिरा आलेल्या मुलाला तुम्ही पुढे बसवता का?" मी म्हटलं, "आंधळं असेल तर बसवते!" तरी त्यांनी चपला हलवल्या नाहीत.

दुपार कलली. आतून निरोप आला की उजेड आहे तोवर आणखी होतील तेवढी करू, पण सगळी होणार नाहीत. रांग अजून फाटकाला टेकलेली. नाना सगळ्यांना निरोप सांगत फिरले, चेहरा दगडासारखा. मला त्यांना गदगदा हलवावंसं वाटत होतं.

अक्का मात्र कडुनिंबाखाली बसलेल्यांना चहा देत होत्या. रांगेत आता सगळ्यांत पुढे असलेल्या एका पारोळ्याकडच्या आजीच्या कपात त्या चहा ओतायला गेल्या आणि तो बाहेर, आजीच्या हातावर सांडला. अक्का घाबरल्या. पदराने पुसायला गेल्या, तर आजीचा हातच सापडेना.

आजी म्हणाली, "तुमले दिखस नही का, माय?"

"उजेड दिखस थोडासा," अक्का म्हणाल्या. "मन्हाबी नंबर शे ना. बठ्ठासना मागे."

सगळ्यांच्या मागे, हे ऐकून आजीने नानांकडे बघितलं. आजीला स्वतःलाही धड दिसत नव्हतं, पण तिने बघितलं. मग ती उठली, दारापाशी गेली, पायाने चाचपून आपल्या चपला घातल्या, भिंतीला धरत फाटकापर्यंत आली आणि अक्कांच्या चपलांच्या मागे आपल्या चपला काढून ठेवल्या.

"आजी!" नाना ओरडले. "नंबर जाईल तुमचा!"

"मी रांग सोडी दिधी, नाना. आते मन्हा नंबर मागेच. तुमनाच नियम शे ना?"

तिच्या मागचा माणूस उठला. त्यानेही आपल्या चपला घातल्या आणि आजीच्या मागे येऊन काढल्या. मग पिशवीवाली बाई. मग तो कंदीलवाला. एकामागून एक, काही न बोलता. ज्यांना दिसत होतं त्यांनी ज्यांना दिसत नव्हतं त्यांना हाताला धरून आणलं. रांगेतली कोणाची जागा बदलली नाही, आजीच्या मागचा आजीच्याच मागे राहिला. फक्त अक्कांच्या चपला पुढे आल्या, आणि त्यांना कोणी बोट लावलं नाही.

नाना भडकले. खरोखर भडकले. इकडून तिकडे धावत होते, "हे चालणार नाही! कोणी शिकवलं हे? बाई, तुम्ही शिकवलं!" मी म्हटलं, "मला एवढी अक्कल असती तर मागच्याच वर्षी शिकवलं असतं." नियम तर कुठेच मोडला नव्हता. हात आडवा घालायला जागाच नव्हती. मग ते थांबले. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला, पुसतच राहिले.

अक्कांना काय चाललं आहे ते कळेना. रांगेतून त्यांच्या चपला उचलून नाना त्यांच्याजवळ गेले. सगळ्यांसमोर खाली बसले आणि त्यांच्या पायांत चपला घातल्या. आमच्या खान्देशात त्या पिढीच्या माणसाने चारचौघांत असं करणं मी तरी पाहिलं नव्हतं.

"चाल. तुन्हा नंबर लागी गया," नाना म्हणाले.

"माले पुढे कोनी कयं?"

"मी नही."

"ते माले माहीत शे," अक्का म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसण्याने मला रडू फुटलं, खोटं कशाला सांगू.

दार बंद झालं. नाना पायरीवर बसले. मी शेजारी उभी होते, दोन वर्षांचा राग मनात घेऊन, आणि काय काय बोलायचं ते ठरवत होते. तेवढ्यात त्यांनीच विचारलं. जन्मभर लोकांना कुठे उभं राहायचं ते सांगणारा माणूस, आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं.

"बाई, पट्टी सुटली की ती पहिलं जे समोर असेल तेच बघेल. मी तिथे थांबू का नको?"



"थांबा," मी म्हटलं, रागानेच. "सगळ्यांच्या पुढे थांबा."