त्रेसष्ट कॉलेजांचं एकच स्वप्न

आमच्या डॅल्टनला कॉलेजच्या बेसबॉल टीममध्ये मीच पोचवणार, हे मी मे महिन्यातच जाहीर करून टाकलं होतं. ज्या बाईने एकोणिसाव्या वर्षी एका मुलाला जन्म दिला आणि तो सतरा वर्षांचा धटिंगण झाल्यावर, सुटलो एकदाचे असं वाटत असताना, दुसरीला जन्म दिला, तिला कसली आलीय भीती! घरात एका टोकाला दाढी फुटलेला डॅल्टन, दुसऱ्या टोकाला दात फुटणारी हेझल. शब्द मात्र दोघांच्याही तोंडातून फुटत नाही.

डॅल्टन कॅचर आहे. म्हणजे पिचरने भिरकावलेले चेंडू उकिडवं बसून झेलायचे. त्यासाठी छातीला पॅड, गुडघ्यांना पॅड, तोंडावर जाळी. माझी तर खात्री आहे, एक पॅड त्याने जिभेलाही बांधलंय!

जुलैत इंडियानामध्ये दोन दिवसांचं शोकेस होतं. दोनशे पोरं नंबराचे शर्ट घालून पळतात, फेकतात, फटकावतात आणि कॉलेजांचे कोच जाळीमागे बसून त्यांचे सेकंद नि मैल मोजतात. आमच्या ओहायोच्या जत्रेतला गुरांचा लिलावच! याचा खरंच उपयोग होतो का, यावर सामन्यांच्या वेळी घडीच्या खुर्च्यांवर आयांचे दोन तट पडतात. माझा नवरा क्लिंट तिसऱ्या तटाचा.

"उपयोग होतो की," तो म्हणतो, "शर्ट छापणाऱ्याला."

पण माझ्याकडे दुसरा उपाय नव्हता. शाळेचं शेवटचं वर्ष तोंडावर आलेलं. संघातल्या तिघांची कॉलेजं ठरलेली. डॅल्टन काही बोलत नव्हता, पण सरावाहून आला की आधी टपालपेटी उघडून बघायचा आणि झाकण अगदी हळू लावायचा. धाडकन आपटलं असतं तरी चाललं असतं. 

शाळेच्या कोचनी सांगितलं होतं, "शोकेसच्या आधी मुलानेच कॉलेजच्या कोचना मेल लिहायचा. मी येतोय, माझा नंबर अमुक, जरा बघा. मुलानेच हं! आईचा मेल कुणी उघडतसुद्धा नाही."

"लिहितोस ना रे?" मी विचारायची.

"लिहितो."

हा 'लिहितो' तीन आठवडे चालला. शेवटी मीच लिहिला. डॅल्टनच्या नावाने, डॅल्टनच्या खात्यावरून! पासवर्ड तो सहावीत असताना मीच घातला होता.

मी लिहायला बसते ती हेझल झोपली की. तिची झोप चाळीस मिनिटांची, त्यातली दहा तिला खांद्यावरून खाली ठेवण्यात जातात. उरलेल्या तीस मिनिटांत मी असं काही पत्र रचलं की माझेच डोळे पाणावले! 'प्रिय कोच, लहानपणापासून माझं एकच स्वप्न आहे, ते म्हणजे (इथे कॉलेजचं नाव) कडून खेळायचं. माझा नंबर ४७.' त्रेसष्ट कॉलेजांची यादी तयार होती. एकेक नाव घालायचं, एकेक मेल पाठवायचा, असं ठरलं होतं. तेवढ्यात पाळण्यातून चुळबुळ ऐकू आली. म्हटलं, एकदमच सगळ्यांचे पत्ते टाकावेत नि मोकळं व्हावं. नावं काय, कॉम्प्युटर आपोआप भरत असेल! एवढं सगळं करतो तो!

त्याने भरली नाहीत. वर त्रेसष्ट जणांना त्रेसष्ट जणांचे पत्ते दिसले.

पहिलं उत्तर अकरा मिनिटांत आलं. टेक्सासचे एक कोच, सगळ्यांना उद्देशून: 'माफ करा मंडळी, पण हा मुलगा लहानपणापासून माझा आहे.'

दुसरे: 'काय सांगता! माझ्याकडे लेखी आहे!'

तिसरे: 'भांडू नका. उन्हाळ्यात तुमच्याकडे, थंडीत आमच्याकडे.'

चौथे होते आयोवाचे कोच प्रूइट. त्यांचं एकच वाक्य: 'कृपया मला या यादीतून काढा.' तेही सगळ्यांना! त्यावर पाच जणांनी त्यांचं सांत्वन केलं, तेही सगळ्यांना!

जेवणाच्या वेळेपर्यंत एकेचाळीस मेल झाले. खातं डॅल्टनचं, त्यामुळे ते सगळे वाजले डॅल्टनच्या खिशात. तो स्वयंपाकघरात आला तो फोन पुढे धरूनच.

"आई."

"अरे, मॅकरोनी गरम आहे, आधी खाऊन..."

"आई, हे तू लिहिलंस?"

"नावं आपोआप भरली जातात असं वाटलं रे मला!"

"मी लिहीत होतो." त्याचा आवाज इतका बारीक झाला की हेझलनेही चमचा आपटणं थांबवलं. "तीन आठवडे लिहीत होतो. आठ जणांना. नीट होत नव्हतं म्हणून पाठवलं नव्हतं. आता ४७ नंबर घालून मी त्या मैदानात पाऊल ठेवणार नाही."

खोलीचं दार लागलं. अगदी हळू.

"टेसा," क्लिंट म्हणाला, "अगं, पंधरवडाभर त्याच्या फोनला हात लावू नकोस. माझ्याही लावू नकोस."

मी दाराबाहेर हेझलला कडेवर घेऊन उभी राहिले आणि माफी मागितली. दाराची माफी मागणं फार अवघड असतं. दार मान हलवत नाही. शेवटी आतून आवाज आला, "येतो मी. पण तू कुणाशी बोलायचं नाहीस. कुणाशीच!"

मी कबूल केलं. इंडियानापर्यंतच्या चार तासांत मी पेट्रोलपंपावरच्या बाईशीसुद्धा बोलले नाही.

मैदानावर पोचलो तर ऊन असं की खुर्चीवर बसलं की चटका बसून उठावं. चार मैदानं, दोनशे पोरं, आणि चाळीसेक कोच पाणी पीत, सूर्यफुलाच्या बिया चघळत उभे. एरवी कोच कुठे गर्दी करतात? जिथे एखादा पिचर ताशी नव्वद मैलांनी फेकत असेल तिथे. कॅचरकडे बघायला त्याची आई येते, तीही डबा आणलाय म्हणून. पण भोंग्यावर "सत्तेचाळीस नंबर, तिसरं मैदान" म्हटलं मात्र, सगळे कोच तिसऱ्या मैदानाकडे निघाले! लग्नात जेवणाची पानं मांडली की निघतात तसे!

"हाच का तो?"

"हाच. लहानपणापासून आमचा."

"तुमचा कसला? सही माझ्याकडे आहे!"

मी हेझलच्या टोपीत तोंड लपवलं.

डॅल्टनची पहिली फेक पिचरच्या मागे, दुसऱ्या बेसवर उभ्या गड्याकडे जायला हवी होती, ती थेट मागच्या कुंपणावर गेली. जाळीमागे खसखस पिकली.  घड्याळवाल्याने काहीतरी लिहून घेतलं.

मग आला मिशिगनचा एक पोरगा, ताडासारखा उंच, पिचर. त्याने आयुष्यात एवढे कोच एका जागी पाहिले नसावेत. ते कशासाठी जमलेत हे त्याला काय ठाऊक! पहिला चेंडू फलंदाजाच्या डोक्यावरून. दुसरा जमिनीत, तो डॅल्टनने छातीवर घेतला. तिसरा, देवा, आमच्या खुर्च्यांच्या दिशेने! हेझलने टाळ्या पिटल्या. पोरगा इतका पांढरा पडला की शर्ट कुठे संपतो नि मान कुठे सुरू होते कळेना.

डॅल्टन उठला. जाळी डोक्यावर सरकवली, सावकाश चालत पिचरजवळ गेला आणि काहीतरी बोलला. आमचा डॅल्टन! आपणहून! चार-पाच वाक्यं तरी असतील, मी ओठांची हालचाल मोजत होते. पिचरने जाळीमागच्या कोचांकडे पाहिलं, डॅल्टनकडे पाहिलं आणि फिस्सकन हसला.

त्यानंतर त्याचे नऊ चेंडू सरळ डॅल्टनच्या हातमोज्यात. चट्! चट्! चट्! कोचांचं हसू थांबलं, वेग मोजायची यंत्रं वर झाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही गाडीत सामान भरत होतो तेव्हा एक बुटके, उन्हाने लाल झालेले गृहस्थ आले. केंटकीच्या डोंगरातल्या मिलर्स फोर्क या चिमुकल्या कॉलेजचे कोच ऑल्स्टेड. माझ्या यादीत त्रेसष्टावे! मी वचनाप्रमाणे तोंड गच्च मिटून उभी. एकटी हेझल बडबडत होती.

"मुला, त्या पिचरला काय सांगितलंस?"

डॅल्टनने बुटांकडे पाहिलं. "म्हटलं, घाबरू नकोस. ही सगळी माणसं मला हसायला आलीत. माझ्या आईने मेल पाठवलाय. तुझ्याकडे कुणाचंच लक्ष नाही, बिनधास्त फेक."

ऑल्स्टेड इतके हसले की त्यांना आमच्या गाडीचा आधार घ्यावा लागला. मग डोळे पुसून म्हणाले, "हे मोजायचं घड्याळ अजून निघालेलं नाही."

शोकेसचा निकाल आठवड्याने आला. पळणं साधारण, फटका साधारण, फेक साधारणच्या जरा खाली. डॅल्टनने वाचून कागद फ्रिजवर चिकटवला, हेझलच्या हाताच्या ठशाशेजारी. त्याच दुपारी त्याच्या फोनवर त्या जुन्या साखळीत नवा मेल वाजला. ऑल्स्टेड, मुद्दामच सगळ्यांना: 'मंडळी, वाद मिटवा. आम्ही या मुलाला जागा देतोय. डॅल्टन, येतोस?'

डॅल्टन पायरीवर बसला. मी लांब उभी राहिले, हात पाठीमागे बांधून. त्याने एका बोटाने लिहिलं, सगळ्यांना: 'हो. येतो. लहानपणापासून नाही, पण गेल्या आठवड्यापासून तुमच्याचकडे यायचं होतं.'

मग तो आत आला आणि जाता जाता टपालपेटीचं झाकण त्याने असं धाडकन आपटलं की हेझल दचकून रडायला लागली. इतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता! मी तिला घेऊन तिथेच बसले आणि तिच्याबरोबर थोडी रडले.

अभिनंदनाचे एकोणतीस मेल आले. टेक्सासवाल्यांनी लिहिलं, 'माझं हृदय भंगलं.' शेवटचा प्रूइट यांचा: 'अभिनंदन. आता तरी मला काढा.'

मला त्या माणसाची मनापासून कीव आली. चूक सगळी माझी. म्हणून काल, हेझल झोपल्यावर, डॅल्टनची रीतसर परवानगी काढून, मी त्यांना, फक्त त्यांनाच, माफीचं चांगलं दोन परिच्छेदांचं पत्र लिहिलं. पत्ता तपासणारच होते, पण पाळण्यातून चुळबुळ ऐकू आली.

आत्तापर्यंत सतरा जणांनी मला माफ केलंय. प्रूइट त्यांत नाहीत.