कप्पीवरील तीन स्वाऱ्या

हकीकत ऐसी जे, मोठमोठ्या लढायांचे मजकूर लिहिणारे कारकून उदंड जाहले, तख्ते फिरली, दौलती बुडाल्या, त्यांची दफ्तरे भरून वाहिली. परंतु मध्यम वयीं पोटाचा धंदा सोडून हाती खडू धरणाऱ्या वीरांवर काय प्रसंग गुदरला तो कोणी लिहिला नाही, म्हणोन लिहिणे प्राप्त. वाचणारांनी पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसावे, कारण वाक्ये लांब आहेत आणि मध्ये दम खाण्यास जागा नाही.

लिफ्टराव म्हणोन एक मातबर कारागीर होते. खरे नाव निराळे. परंतु ज्याच्या हाती शहरच्या लिफ्टा त्यास दुसरे नाव कोण ठेवितो? उभी हयात इमारतींच्या पोटातील अंधाऱ्या भुयारांत लोंबकळून काढिली, दोर तपासिले, अडकलेली माणसे सोडविली, आणि मग एके दिवशी मनी आले की हे यंत्रांचे शहाणपण पोरांस द्यावे, विज्ञानाचे मास्तर व्हावे. त्यावरून कंपनीस राजीनाम्याचा खलिता रवाना केला. नजीकचे शाळेत विज्ञानाची गादी रिकामी होती. तेथील मुख्याध्यापक भले गृहस्थ. त्यांनी अभय दिले जे, प्रशिक्षणाचा दाखला सुट्टी संपण्यापूर्वी आणावा, जागा राखून ठेवितो. न आणिल्यास दुसरा उमेदवार दारात उभाच आहे. इकडे कंपनीने लिफ्टरावांचे जागी नवा माणूस नेमूनही टाकिला. म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये लिफ्टराव.

त्यांचा कयास ऐसा होता की, विज्ञान आपणांस येते, आणि शिकविणे म्हणजे तेच मोठ्याने बोलणे. या भरंवशावर अध्यापक महाविद्यालयात दाखल जाहले. पहिलेच दिवशी सूचनाफलकावर फर्मान लागले की, धंदा बदलून आलेल्या समस्त उमेदवारांनी फळ्यावरील अक्षर, पुठ्ठ्याची साधने, साभिनय बालगीत आणि सूक्ष्म अध्यापन हे ज्यादा विषय पुरे केल्याविना दाखला मिळणार नाही. माहितीपत्रकात यातील अवाक्षर नव्हते. कचेरीत विचारपूस केली तेव्हा खिडकीआडून जबाब आला जे, “ते गृहीतच असतं.” मग काय, आलिया भोगासी सादर होणे आले. लिफ्टराव बालगीतात ससा जाहले, भर वर्गात उड्या मारिल्या, गुडघा दुखावून घेतला, परंतु तेवढी चौकी मारिली.

खरा बुलंद किल्ला सूक्ष्म अध्यापनाचा. त्याचा रिवाज ऐसा जे, तेथे खरी मुले नसतात; बरोबरच्या उमेदवारांनीच मुले व्हावे, आणि एकाने सहा मिनिटांचा मास्तर होऊन एकच कौशल्य दाखवावे. पहिले कौशल्य पाठाच्या सुरुवातीचे. त्याचा कायदा कडक: पाठाचे नाव मास्तराने स्वमुखे उच्चारू नये, प्रश्न विचारीत विचारीत ते मुलांच्या मुखातून काढावे, आणि मगच फळ्यावर लिहावे. मास्तर बोलिला की पाठ बाद. लिफ्टरावांचे वाट्यास विषय आला कप्पी. जिच्या आधारे हयातभर लोंबकळले तीच समोर आली, म्हणोन बहुत संतोष पावले, आणि तेथेच फसले.

कारण मुलांच्या वेषात बसलेल्या फौजेत तिघे सरदार जबर होते. एक निवृत्त फौजदार, मिशा तशाच राखून सातवीतील मुलगा जाहलेले; हयातभर दुसऱ्यांच्या पोटातील कबुली काढविली, आता आपल्या पोटातील कोणी काढून दाखवावी ऐसा हट्ट. दुसरे खानसामा, बड्या हॉटेलचा मुदपाकखाना गाजवून आलेले. तिसऱ्या सिस्टरबाई, इस्पितळातील रात्रपाळ्यांस कंटाळून आलेल्या. मूल होणे म्हणजे उत्तर न येणे, ऐसी तिघांची प्रामाणिक समजूत. मागील बाकावर परीक्षक बसत, त्यांस सारे कौशल्यबाई म्हणत. हाती घड्याळ आणि चेहऱ्यावर बारमाही दुष्काळ.

पहिली स्वारी. लिफ्टराव फळ्यापुढे उभे राहिले, खाकरले, आणि म्हणाले, “मुलांनो, आज आपण कप्पी—” इतक्यात कौशल्यबाईंनी हात वर केला आणि “बसा” म्हणाल्या. तोफेत दारू भरण्यापूर्वीच लढाई आटोपली.

दुसरी स्वारी. या खेपेस लिफ्टरावांनी ओठ घट्ट दाबून मोर्चे बांधिले.

“मुलांनो, विहिरीतून पाणी कसं काढतात?”

“मोटर लावून, सर,” फौजदार उभे राहून बोलिले.

“आणि वीज गेली तर?”

“टँकर मागवायचा,” सिस्टरबाई.

“टँकर आलाच नाही तर?”

“मोर्चा येतो, सर. बंदोबस्त लावावा लागतो,” पुन्हा फौजदार.

लिफ्टरावांस घाम सुटला, परंतु धीर सोडिला नाही. मोर्चा फिरवून दुसरे बाजूने चालून गेले. “बरं, खांबावर झेंडा वर कसा जातो?”

खानसामा पुष्कळ विचार करून म्हणाले, “पाहुणे उशिरा आले की उशिरा जातो, सर.”

“अहो, पण वर कशामुळे जातो? वर काय असतं? कप्पी असते, कप्पी!”

ऐसा लिफ्टरावांचा घात लिफ्टरावांच्याच जिभेने जाहला. कौशल्यबाईंनी निकाल फर्माविला की, आता एकच संधी बाकी. तीही दवडिल्यास पुढील वर्षी यावे. पुढील वर्षी म्हणजे शाळेतील गादी गेली, हे सांगणे नलगे.

शिकस्त खाऊन लिफ्टराव घरी आले. त्यांचे कुटुंब दंतवैद्याचे दवाखान्यात रोग्यांस वेळा नेमून देई, दिवसभर विव्हळणे ऐकण्याचा सराव असल्याने तिने यांचे सारे दुःख शांतपणे ऐकिले, पान वाढिले, आणि मग म्हणाली, “म्हणजे पुन्हा तुम्हीच बोललात.”

“मग काय करू? येत असून गप्प बसू?”

“घरी तरी कधी बसलात? टीव्हीवरच्या कार्यक्रमात प्रश्न त्या माणसाला विचारलेला असतो, उत्तर तुम्ही देता.”

“चुकीचं देतो का?”

“तेच तर! कुणाला बोलायला जागाच उरत नाही. आमच्या डॉक्टरांनासुद्धा कळतं हो, कुठला दात किडलाय ते. तरी आधी विचारतात, मग टोचतात.” आणि वर म्हणाली, “लिफ्टमध्ये माणूस अडकला की काय करायचात? बाहेरून त्याला मोटरची माहिती द्यायचात?”

“छे! घाबरून जाईल तो. त्याला विचारत राहायचं. किती जण आहात, दिवा चालू आहे का, समोर काय दिसतंय...”

बोलता बोलता लिफ्टरावांचा घास हातातच राहिला.

“जेवा आता,” ती म्हणाली, “गार होतंय.”

तिसरे स्वारीचा दिवस उजाडला. लिफ्टराव वर्गात आले, सर्वांकडे एकवार पाहिले, आणि काही न बोलता मागे फिरून बाहेर गेले, आणि दार ओढून घेतले. आत एकच कुजबुज उठली की, गडी रण सोडून पळाला. कौशल्यबाई लेखणी उचलणार, तोच दारावर थाप पडली.

“आत कोण आहे?”

“आम्ही!” फौजदार दचकून ओरडले.

“घाबरू नका. लिफ्ट बंद पडलीय. दोन मजल्यांच्या मध्ये आहात तुम्ही. सगळे ठीक?”

हे ऐकताच सिस्टरबाई मूलपण विसरल्या आणि उठून उभ्या राहिल्या. “कुणी धक्काबुक्की करू नका. मोकळा श्वास घ्या. कुणाला चक्कर येतेय का?”

“शाबास. आता मला सांगा, पायाखाली सगळं पोकळ आहे. मग तुम्ही खाली का पडला नाहीत?”

खानसामा हळूच म्हणाले, “दोर असेल ना वर?”

“आहे. आणि त्या दोराचं दुसरं टोक कुठं असेल?”

“थांबा,” फौजदार म्हणाले, “दुसरंही टोक आहे?”

“आहे. त्याला भलंमोठं वजन बांधलंय. तेही लोंबतंय, तुमच्यासारखंच.”

“वर गेलेला दोर पुन्हा खाली कसा येईल?”

“तेच मी विचारतोय.”

यावर आत जी रणधुमाळी माजली तिचे वर्णन काय करावे! खानसामा म्हणे, दोर वर कशावरून तरी वळला पाहिजे, फौजदार म्हणे, आडव्या लोखंडावरून वळला असेल, सिस्टरबाई ओरडल्या की, लोखंडावर घासून झिजेल आणि तुटेल, आणि आपण सारे मरू, मग खानसामा बाकावर मूठ आपटून म्हणाले, “चाकावरून वळवा! चाक फिरेल, दोर घासणार नाही!”

“आणि चाकावरून घसरला तर?” दाराबाहेरून आवाज आला.

“खाच पाडा त्याला!” फौजदार गरजले.

“पाडली. अशा खाचवाल्या चाकाला काय म्हणतात?”

आणि तेथे सारी फौज अडली. आता लपवाछपवी नव्हती, खरेच आठवेना. फौजदारांनी मिशा चावल्या, खानसाम्यांनी कपाळ बडविले, शब्द जिभेच्या टोकावर येई आणि माघारी जाई. घड्याळाचा काटा शेवटच्या घरात शिरला. लिफ्टराव बाहेर दाराला कपाळ टेकून उभे. तोंडात तो शब्द निखाऱ्यासारखा धरिला होता, परंतु थुंकिला नाही.

तोच मागील बाकावरून कौशल्यबाई ताडकन उठल्या आणि ओरडल्या, “कप्पी! अहो, कप्पी!”

दार उघडले. लिफ्टराव आत आले, आणि फळ्यावर ‘कप्पी’ लिहिले.

मग मोठा तंटा उपस्थित जाहला. फौजदार म्हणाले, “बाई, तुम्ही परीक्षक. तुमचा जबाब धरता येणार नाही.” खानसामा म्हणाले, “का नाही? बाकावर कोण बसलं होतं, मी?” सिस्टरबाईंनी सांगितले की, लिफ्टमध्ये सारे अडकले तेव्हा बाईही अडकल्या, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. कौशल्यबाईंचा चेहरा लाल जाहला. इतकी वर्षे त्या बाकावर बसून हजारो प्रश्न ऐकिले, परंतु उत्तर द्यावेसे कधी वाटले नव्हते, ही गोष्ट त्यांनी कोणास सांगितली नाही. फर्मान मात्र दिले, ते ऐसे जे, बाकावर बसला तो विद्यार्थी, सबब शब्द विद्यार्थ्याचे मुखातून आला, सबब पाठ मंजूर. दार लावून शिकविणे हे मान्य कौशल्यांत मोडत नाही, सबब पुन्हा करू नये.

दाखला सुट्टी संपण्यापूर्वी पोहोचला, गादी मिळाली, आणि लिफ्टराव पहिले तासास खऱ्या सातवीचे वर्गात दाखल जाहले. मनात सारी मसलत तयार होती, प्रश्नांच्या तोफा भरलेल्या होत्या. पहिली डागणार तोच पुढील बाकावरील चष्मेवाली मुलगी म्हणाली, “सर, आज कप्पी ना? पुस्तकात पुढचा धडा तोच आहे.”

ज्या शब्दासाठी तीन स्वाऱ्या केल्या तो एका पोरीने दप्तरातून काढून हातावर ठेविला. मग ती पुन्हा म्हणाली, “पण सर, दोर तुटला तर?”

याचे उत्तर लिफ्टरावांइतके मुलखात कोणास ठाऊक नव्हते. ते सबंध ओठापर्यंत आले. लिफ्टरावांनी ते गिळिले, खुर्ची ओढून बसले, आणि म्हणाले, “तुला काय वाटतं?”

त्यावर साऱ्या वर्गाने ऐसा गदारोळ केला की शेजारच्या वर्गाने दार लावून घेतले. त्या तासात मास्तरांनी उत्तर एकही दिले नाही. हीच खरी फत्ते, ऐसे जाणोन दफ्तरी दाखल केली असे.