पेटीतला सांत अंतोन

सांत अंतोनला पेटीत कोंडायची फिलोमिनाची ही पाचवी खेप होती. हरवलेलं शोधून देणारा हा तिचा लाडका संत. त्याने दिरंगाई केली की वसईला तिची आई त्याची मूर्ती भिंतीकडे तोंड करून ठेवी. दूर विदर्भात, आर्णीच्या दवाखान्यात नर्स झाल्यावर लेकीने शिक्षा वाढवली, एवढंच.

आज गुन्हाही मोठा होता. परवा वसईला धाकट्या बहिणीचं लग्न, आज दोनची एसटी, आणि आईने डोळे मिटण्याआधी बहिणीसाठी दिलेली सोन्याची अंगठी गायब! सकाळपासून आनंदाने नुसती नाचणारी फिलोमिना रडकुंडीला आली.

"अंगठी दे, मगच बाहेर ये!" म्हणत तिने वीतभर मूर्ती साड्यांमध्ये खुपसली आणि पेटीचं कुलूप खट्‌कन दाबलं. लगेच वाटलं, अंगठी साड्यांतच तर नसेल? उघडायला गेली, तर किल्ली नाही.

"आता कुणाला सांगू? शोधणाराच आत!" ती मटकन पेटीवर बसली.

बंजारा तांड्यावरची रामीबाई दारातच होती. दूध तीच घाली, आणि पंधरा दिवस घरही तीच सांभाळणार होती.

"कायले कोंडलं वो देवाले?" तिने कपाळावर हात मारला. "आतमंधून तो काय शोधून राह्यला?"

पेटी उचलायला आलेला तिचा नवरा फुलसिंग म्हणाला, "कुलूप फोडू काय?"

"नको! त्याला लागेल!"

"मंग किल्ली पेटीखाली पाहू." त्याने पेटीच उलटी केली. आत धप्पकन आवाज झाला.

"अहो, डोक्यावर उभा केलात त्याला!"

"थांबा, आमच्या तांड्याच्या देवाले, माह्या सेवाभायाले सांगू द्या," रामीबाईने डोळे मिटले आणि हात जोडून डोलू लागली. "सेवाभाया, बाईची किल्ली भेटू दे, तुले गोड शिऱ्याचा कडाव चढवीन!"

प्रत्येक डुलण्याबरोबर छुमछुम होत होती.

"रामी," फुलसिंग म्हणाला, "तुह्या कमरेले काय वाजून राह्यलं?"

कमरेला खोचलेला तो किल्ल्यांचा जुडगा सकाळी खुद्द फिलोमिनानेच घाईघाईत तिच्या हाती दिला होता. घराची किल्ली, कोंबड्यांच्या खुराड्याची किल्ली, पेटीची किल्ली, आणि हरवू नये म्हणून त्यातच ओवलेली अंगठी!

"भेटली!" तिघंही ओरडले.

"पाह्यलं? माह्या सेवाभायानं देल्ली!"

"माझ्या अंतोननेच आतून त्यांना निरोप धाडला असेल!"

"दोघाईलेई चढवा कडाव," फुलसिंग पेटी डोक्यावर घेत म्हणाला, "पण आता पळा!"

फिलोमिनाने अंगठी बोटात चढवली, जुडगा रामीबाईच्या हातात कोंबला आणि धूम ठोकली. गाडी सुटता सुटता मिळाली. आनंदाने तिला रडूच फुटलं. मागून रामीबाई हात उंचावून, काहीतरी ओरडत धावत येत होती. किती ही माया! फिलोमिना रामीबाई दिसेनाशी होईपर्यंत रुमाल हलवत राहिली.

मग डोळे पुसून ती पायाशी ठेवलेल्या पेटीकडे वाकली. "चल बाबा, सुटलास. ये बाहेर."

हात कुलपावर पडला, आणि रामीबाईच्या हातात काय चमकत होतं ते तिच्या ध्यानात आलं. आत लग्नाच्या साड्या, आत सांत अंतोन, तोही डोक्यावर उभा.

फिलोमिनाने इकडेतिकडे पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदाच, अगदी हळू आवाजात सेवाभायाला हाक मारली.