बावीस फुटांची काठी आणि दोरीचे सात वेढे

"यंदा काठी अशी आणतो, की वारासुद्धा तिला विचारून लागेल!"

देवळातल्या बैठकीत कुंडलिकनं हे छाती ठोकून सांगितलं, तेव्हा त्याच्या डोक्यात कसलीही योजना नव्हती. छाती मात्र होती, आणि ती ठोकायची त्याला सवय होती.

गोष्ट अशी आहे मंडळी. घोडबंदर रोडला टॉवरांच्या बेचक्यात एक गाव अजून शिल्लक आहे. चार आळ्या, एक तळं आणि एक गावदेवी. देवीच्या जत्रेला बावीस फुटांचा बांबू लागतो, तीच देवीची काठी. ती शहाडला नदीकाठच्या बांबूच्या बेटातून तोडून आणायची आणि देवळात उभी राहीपर्यंत जमिनीला टेकू द्यायची नाही, असा रिवाज. हा मान कुंडलिकच्या घराचा. त्याचा आजा ती होडीतून आणायचा, नदीतून खाडीत आणि खाडीतून थेट मिठागराच्या धक्क्याला. बापानंही तशीच आणली. आता मिठागर गेलं, धक्का गेला, कुंडलिक सातव्या मजल्यावर राहायला गेला. "सगळं गेलं, मान तेवढा राहिला," असं तो लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगायचा.

गेल्या वर्षी तोही जाता जाता वाचला! भाड्याच्या टेम्पोतून काठी मागं लोंबली आणि स्पीडब्रेकरवर खर्रकन घासली. पंचांनी सांभाळून घेतलं, पण यंदा स्पष्ट बजावलं. पुन्हा टेकली, किंवा देवळापुढं तीन हाका मारूनही मानाचा नारळ घ्यायला घरचं कुणी उभं राहिलं नाही, तर मान चुलतभावाच्या, म्हणजे काळुरामच्या घरी. आपल्या नव्या लांबलचक ट्रकच्या किल्लीनं काळुराम शांतपणे कान कोरत बसला.

कुंडलिककडे होती एक जुनी पिकअप. वीस वर्षांची! मिठाची पोती वाहून वाहून तिचा पत्रा पार कुरतडलेला. उजवी काच अर्ध्यावर अडकलेली, डावी तिला सोबत म्हणून अर्ध्यावरच. पण कुंडलिकला वाटलं, हिच्या टपावर कॅरियर बसवलं, की काठी वरच्या वर आडवी राहील. मग लोंबणार काय आणि घासणार काय!

"त्यापेक्षा काळुरामचा ट्रक मागा ना," तुळसा म्हणाली. तुळसा म्हणजे त्याची बायको.

"ज्याच्या घशातून मान वाचवायचा, त्याचाच ट्रक मागू? अगं, डोकं ठिकाणावर हाय का तुझं?"

"माझं हाय," तुळसा म्हणाली आणि काठीला गुंडाळायच्या लाल कापडाला काठ शिवत राहिली.

तुळसाचा भाऊ धनेश शहाडला भंगारवाला. त्याच्याकडे मोडीत आलेल्या एका जीपचं कॅरियर पडून होतं. जत्रेच्या दिवशी सकाळी सहाला कुंडलिक तिकडं हजर! कॅरियर दणकट होतं, फक्त ते पकडणाऱ्या चार क्लॅम्पांपैकी तीन गायब होते. उरलेला एक पिकअपला बसेना.

"दाजी, वेल्डिंग करून घेऊ. दुपारपर्यंत माणूस येईल."

"चारला देवळापुढं काठी पाहिजे आणि तू दुपारपर्यंत माणूस बघतोस? दोरी आण, दोरी! आम्ही मिठागरवाली माणसं. आमच्या गाठी भरतीलासुद्धा सुटत नाहीत!"

धनेश टपावर चढला. कुंडलिक आत ड्रायव्हरच्या जागी बसला, दोन्ही पाय डॅशबोर्डला लावून. दोरी उजव्या काचेवरून आत घ्यायची, डाव्या काचेवरून बाहेर काढायची आणि वरून कॅरियर आवळायचं. एक वेढा पुरला असता, दोन म्हणजे चिक्कार झाले. पण देवीचं काम! कुंडलिकनं देवीचं नाव घेत मोजून सात वेढे मारले, प्रत्येक वेढ्याला पायानं रेटा देऊन. टपावर धनेशनं गाठ मारली आणि वर पाणी ओतलं, म्हणजे दोरी आणखी आवळते. वस्तीतल्या अकरा जणांनी बेटातून तोडलेली काठी अलगद वर ठेवली, बांधली, हळदकुंकू लावलं, आणि उपास सोडायला घरोघर पांगले.

"चल, आता उतरून नारळ फोडतो," म्हणत कुंडलिकनं दाराला खांदा दिला.

दार उघडेना.

त्यानं दुसरं दार बघितलं. तेही उघडेना. उघडणार कसं? दोन्ही दारं बंद करून त्यांच्यावरूनच तर सात वेढे मारले होते!

धनेशनं खिडकीतून आत बघितलं. कुंडलिकनं आतून धनेशकडे बघितलं.

"दाजी, सोडू?"

"सोडलीस तर कॅरियर सरकंल, काठी खाली येईल! उचलायला माणसं कुठं हायत?"

"मग खिडकीतनं..."

खिडकी होती अर्धी, त्यात सात दोऱ्या, आणि कुंडलिकचं पोट अख्खं. दोघांनीही तो विषय पुढं नेला नाही.

"हे बघ धनेश," घाम पुसत कुंडलिक म्हणाला, "गाडी कुणाला चालवायची हाय? मला. मग मला उतरायचंय कशाला? हाय तेच बेस्ट हाय!"

हे बोलताना त्याला एवढंच आठवलं नाही, की सकाळपासून धनेशच्या बायकोनं त्याला तीन कप चहा पाजला होता.

कोनगावपर्यंत चहा गप्प होता. माजिवड्याला तो बोलायला लागला. तिथंच ट्रॅफिक हवालदारानं गाडी बाजूला घेतली. बावीस फुटांचा बांबू, त्याला लाल कापड, मागं हौद्यात काठीचं शेपूट धरून उभा असलेला धनेश! कोण सोडेल?

"उतरा खाली."

"साहेब, उतरता येत नाही."

"म्हणजे? प्यायलाय का?"

"तीन कप. चहा, साहेब!"

हवालदारानं दार जोरात ओढलं. वर कॅरियर करकरलं. "नको साहेब, काठी!" कुंडलिक आतून असा कळवळला, की हवालदार दचकून मागं झाला. त्यानं सातही वेढे नीट मोजले, वर बघितलं, काठीला हात जोडले आणि म्हणाला, "जा बाबा. देवळापर्यंत कुठं थांबू नको."

थांबू नको! पुढं घोडबंदर रोड होता. मंडळी, तिथं थांबावं लागतं. चालणं हीच तिथं अधूनमधूनची गोष्ट. अडीच वाजता गाड्या थिजल्या. तेवढ्यात तुळसाचा फोन.

"कुठं हाय तुम्ही?"

"गाडीत."

"आवाज नीट येत नाय. जरा उतरून बोला."

कुंडलिकनं फोन कट केला.

दोन्ही बाजूंना टॉवर. यातल्या एकाच्या तळमजल्यावर, जिथं आता जिम आहे, तिथं त्याच्या बापाचं मिठाचं पहिलं कुंड होतं. इथूनच होडी आत यायची, आणि बाप काठी खांद्यावर घेऊन चिखलात कमरेएवढा उभा राहायचा. धक्क्यावर आई असायची. काठीची हळद तिनं कुटलेली, कापड तिनं शिवलेलं, नऊ दिवस उपास तिनं धरलेला. पण काठी आली की बाया बाजूला सरायच्या. तुळसाही चाळीस वर्षं तशीच बाजूला सरत आली होती. कुंडलिकला आज हे का सुचावं, ते त्याचं त्याला कळेना. एका जागी कोंडून पडलं की माणसाला नको ते सुचतं. त्याला वाईट वाटलं. पण पुढची रिक्षा हलली, आणि वाईट वाटणं तिथंच राहिलं.

चारला पाच कमी असताना पिकअप गावाच्या तोंडाशी पोचली. बेंजो, गुलाल, फटाके! गाव तुटून पडलं. धनेशनं काठीच्या दोऱ्या सोडल्या, पंधरावीस हात वर झाले, काठी खांद्यांवर आली. सगळ्यात पुढं काळुराम! धनेशच्या खांद्यावर शेपूट. आता देवळापर्यंत ते खाली ठेवता येईना, म्हणून तोही गर्दीबरोबर ओढला गेला.

"धनेश! अरे, मला सोडव!"

"आलोच दाजी!" धनेश मान वळवून ओरडला आणि गुलालात दिसेनासा झाला.

दोन मिनिटांत रस्ता रिकामा. काठी पोचली होती, कुठंही न टेकता. आणि मानकरी शंभर पावलांवर डब्यातल्या लोणच्यासारखा बंद!

देवळाचा भोंगा खरखरला. "काठीचा मानकरी कोण? नारळ घ्यायला पुढं या! पहिली हाक!"

"मी! मी हाय इथं!" कुंडलिकनं घसा फाडला. मग हॉर्न दाबला. पीं पीं पीं! बेंजोवाल्यांना तो ठेका आवडला. त्यांनी तो उचलला आणि दुप्पट जोरानं वाजवायला घेतला.

"कुंडलिकच्या घरचं कोण हाय का? दुसरी हाक!"

कुंडलिकनं दोरीला दात लावले. ओल्या दोरीला मिठाची चव होती. आजा, बाप, होडी, सगळे डोळ्यांपुढून गेले, आणि या सगळ्यावर पाणी सोडणारा आपणच, असं वाटून त्याचे डोळे भरले. साठीचा माणूस स्टेअरिंगवर डोकं टेकून रडला. हॉर्नवर कपाळ पडलं. बेंजोवाले आणखी खूश.

"तिसरी हाक! मानकऱ्याच्या घरचं कोण..."

"मी हाय."

भोंग्यातून बाईचा आवाज. कुंडलिकनं डोकं वर उचललं. बेंजो थांबला.

"वैनी, तुम्ही?" हा काळुराम. "बाया नारळ घेत नाय."

"काठी कुणाच्या घरची?" तुळसानं विचारलं.

"तुमच्याच. ते कुठं नाय म्हणतोय."

"मग चाळीस वर्षं मी कुणाच्या घरची?"

भोंगा खरखरत राहिला. पुजारी खाकरले, मग म्हणाले, "घ्या, तुळसाबाई." आणि बायांच्या बाजूनं असा गलका उठला, की कुंडलिकच्या गाडीचा पत्रा थरथरला. आत तो एकटाच टाळ्या वाजवत होता.

अर्ध्या तासानं तुळसा आली. कपाळभर गुलाल, पदरात नारळ. तिनं खिडकीतून आत बघितलं. सात दोऱ्या बघितल्या. हसली नाही, हे तिचे उपकार.

"तुळसा, लवकर सोड गं. सकाळचे तीन कप..."

"सोडते." तिनं हात उंचावून टपावरच्या गाठीवर ठेवला आणि तिथंच थांबली. "पुढल्या वर्षीही काठी तुम्हीच आणा. पण नारळ घ्यायच्या वेळी तुम्ही गाडीतच बसा."

"हो! बसतो! दरवर्षी बसतो!"

तो 'हो' आपण अगदी मनापासून म्हटला, असं कुंडलिक आजही चारचौघांत छाती ठोकून सांगतो. तुळसा विरोध करत नाही. ती एवढंच म्हणते, की दार उघडल्यावर तो जो पळाला, तो आधी देवळाकडे पळाला नाही.