मिसळणाच्या डब्यातले चेहरे

दर रविवारी सकाळी मी कणीक मळून झाकून ठेवते न ठेवते, तोच बेल वाजायची. दारात समोरच्या फ्लॅटमधले सपकाळकाका. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग आणि पुढे केलेला तळहात.

"ताई, लिंबाएवढी कणीक द्या."

पहिल्यांदा मला वाटलं, एकटा माणूस आहे, भूक लागली असेल. काकू जाऊन वर्षही झालं नव्हतं, जेवणाचा डबा लावलेला. म्हटलं, "काका, कणीक कशाला, गरम पोळ्याच न्या की." तर म्हणाले, "पोळीवर ठसा उठत नाही." आणि माझ्याच ओट्यापाशी उभं राहून त्यांनी खिशातून एक लालसर खडा काढला, कणकेच्या गोळ्यावर अंगठ्याने दाबला आणि अलगद उचलला. गोळ्यावर एक दाढीवाला माणूस उमटला होता. चांगला नाकपुड्यांसकट. काकांनी तो डोळे भरून पाहिला, मग गोळा मला परत दिला आणि म्हणाले, "आता लाटा."

मी लाटला नाही. कुण्या अनोळखी पुरुषाचं तोंड लाटून नवऱ्याच्या पानात वाढायचं, एवढी मी पुढारलेली नाही.

मी चाकणच्या एका कंपनीत परचेसला आहे. लोकांना नाही म्हणायचा मला पगार मिळतो, त्यामुळे कौतुक करायची जिभेला सवय नाही. मोशीत आमची सोसायटी नवीन, तीत सगळे एकमेकांना गाडीच्या नंबरवरून ओळखणारे. त्यात हे एकच गृहस्थ असे, की लिफ्टमध्ये बाईचं तोंड न बघता सरळ तिची बोटं बघायचे. चेअरमनच्या बायकोने नवी अंगठी मिरवली, तेव्हा यांनी भिंग डोळ्याला लावलं, तिचं बोट उजेडाकडे वळवलं आणि सांगितलं, "खडा मशीनवर कोरलाय. रिजेक्ट." त्या बाई पुढे वर्षभर जिन्याने जात होत्या. गुडघे दुखायचे तरी.

रिजेक्ट हा त्यांचा आवडता शब्द. निघोज्याच्या एका फोर्जिंग कंपनीत उभा जन्म डाय तपासण्यात गेला. डाय म्हणजे पोलादात उलटा कोरलेला साचा. तापलेलं लोखंड त्यात दाबलं, की पार्ट सुलटा बाहेर येतो. एकदा कंपनीत कुणी परदेशी साहेब आला होता, त्याच्या करंगळीत कोरीव खड्याची अंगठी होती. सगळे साहेबाच्या पुढेपुढे करत होते, आणि आमच्या काकांनी त्याचा हातच धरला. म्हणाले, "सर, ही तर डाय आहे." साहेब हसला. मॅनेजर मात्र हसला नाही. पण काकांना त्या दिवसापासून जे वेड लागलं ते लागलं.

त्यांनीच मला शिकवलं, खड्यावर चित्र वर उठून आलं असेल तर तो कॅमिओ, आत खोल गेलं असेल तर तो इंटाग्लिओ. खोल गेलेल्याचा ठसा घेतल्याशिवाय त्यात काय आहे ते नीट कळत नाही, म्हणून कणीक. माणसांचेही हेच दोन प्रकार, असं त्यांचं ठाम मत. "तुमचे मिस्टर इंटाग्लिओ. चेअरमन कॅमिओ. पुढून उठाव, मागून सपाट."

"आणि मी हो?"

"तुम्ही अजून कोरायच्या आहात."

मी कणीक दिली.

आता प्रश्न पडेल, की पेन्शनीतल्या माणसाला असले जुने खडे मिळतात कुठे? तर सराफाकडे. आपल्याकडे जुना दागिना मोडीत दिला, की सराफ आधी खडा उचकटून बाजूला टाकतो आणि नुसत्या सोन्याचं वजन करतो. खड्याचं मोल शून्य. कुणाची आजेसासू गेली, कुणी पारशी म्हातारा गेला, की त्यांच्या अंगठ्या वितळतात आणि ती कोरलेली तोंडं एखाद्या बरणीत येऊन पडतात. काका पिंपरीपासून पुण्याच्या जुन्या बाजारापर्यंत अशा बरण्या उपसत फिरायचे. एखादा चांगला खडा कुणी चुकून अंगठीसकट विकायला काढला, तर तो अंगठीसकट घ्यायचे. घरी आणून सगळं काकूंच्या मिसळणाच्या डब्यात ठेवायचे. मोहरीच्या वाटीत कापसावर एक घोडा, हळदीच्या वाटीत दोन राजे. डबा उघडला की हिंगाचा वास यायचा. तो वास जाऊ नये म्हणून त्यांनी डबा कधी घासला नाही, हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मीच घासून देऊ का म्हटलं, तेव्हा ज्या घाईने डबा ओढून घेतला, त्यावरून मला कळलं.

सोसायटीतली पोरं त्यांना दगडकाका म्हणायची. त्याचं त्यांना काही नव्हतं. वाईट वाटायचं ते घरच्याचं. मुलगा अमोल हिंजवडीला नोकरीला. पोरगा वाईट नाही, पण बापाचं नाव निघालं की खालच्या मानेने मोबाइल बघायचा. "बाबांचे दगड" एवढंच त्याला माहीत. एकदा काका माझ्याकडे बोलून गेले, "ताई, हे कुणी विकत नको घ्यायला, जपायलाही नको. घरातल्या एका माणसाने एकदा विचारावं, बाबा, हे काय आहे? बस, तेवढं एकदा झालं पाहिजे." सत्तरीकडे झुकलेला माणूस काय मागतोय बघा. आणि तेही मिळत नव्हतं.

मग अमोलचं लग्न ठरलं. मुलगी निघोज्याच्या जुन्या घरातली, ऋतुजा. बघून आल्या संध्याकाळी काका घरी न जाता आधी माझ्याकडे आले. चपला काढायचंही भान नाही. "ताई, तिचं नाक बघा तुम्ही. कपाळापासून एका रेषेत. माझ्याकडे आहे ही मुलगी!" आणि मला तसंच समोर आपल्या घरी नेऊन डब्यातल्या धणे-पुडीच्या वाटीतून एक अंगठी काढली. तपकिरी दगडावर दुधासारखा पांढरा बाईचा चेहरा, एका बाजूने बघणारा. केसांची बट न् बट मोजून घ्यावी अशी. त्यांच्याकडची सगळ्यात चांगली वस्तू, कधी कुणाच्या हातात न दिलेली. ती सुनेला द्यायची, असं त्यांनी ठरवून टाकलं. ती बोटात घालेल, मग विचारेल, मग आपण सांगू. सगळा हिशेब मनात तयार होता.

अमोलने एकच अट घातली. "बाबा, द्या काय द्यायची ती. पण साखरपुड्यात दगडांवर एक शब्द बोलायचा नाही. शपथ घ्या." काकांनी घेतली.

हॉलमध्ये मी होते. काकांनी अंगठी दिली, आणि ती बायकांच्या हातोहात फिरत विहीणबाईंकडे गेली. त्यांनी उलटसुलट केली. साध्या, कष्टाळू बाई, मनात काही नाही. विचारलं, "कोन हाय वो ही बाई?"

काकांचे ओठ हलले. रस्त्यावरच्या माणसाला थांबवून तासभर ऐकवणारा हा माणूस, आणि आता विचारलंय तर तोंडातून शब्द नाही. अमोल समोरून रोखून बघत होता. शेवटी काका एवढंच म्हणाले, "जुनी आहे."

नको तेच बोलले.

लग्नाच्या आधी मी त्या सगळ्यांना केळवणाला बोलावलं. श्रीखंड-पुरी होती. पानं वाढली, आणि विहीणबाईंनी मोठ्या हौसेने लेकीचे केस बाजूला करून कानातलं दाखवलं. "पाव्हणं, तुमची अंगठी मोडीत दिली आन् हे घडीवलं. झाक दिसतंय ना? जुनी म्हंजी कुना मेल्या बाईचंच त्वांड की त्यावर. नव्या नवरीच्या बोटात कसं ठिवायचं, तुमीच सांगा."

काकांनी पुरीचा तुकडा मोडला, तो खाल्ला, आणि मग विचारलं, "आणि खडा?"

"त्यो सराफानं पुडीत बांदून दिला. म्या आळंदीला जाऊन इंद्रायणीत सोडला. हळद-कुंकू वाहून, व्यवस्थित. कुनाचा आत्मा तळमळाय नको."

"आई, मला आवडला होता गं तो चेहरा," ऋतुजा म्हणाली. "मी म्हणत होते, राहू दे."

अमोल श्रीखंडात बघत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काका म्हणाले, "बरं केलंत. कानातलं छान आहे." आणि पुरी मागून घेतली. नको असताना.

दुसऱ्या दिवशी माझी पिठाची चाळण मागायला आले. कशाला, ते मी विचारलं नाही. दुपारी परतले तेव्हा पँट मांडीपर्यंत ओली. म्हणाले, "घाटावर बरेच जण नाणी शोधत असतात. मला म्हणाले, आजोबा, इथे लोहचुंबक लागतं, चाळणीचं काम नाही. पाण्याला फेस आहे हो, तळ दिसत नाही." चाळण धुवून पुसून आणली होती. मी त्यांच्यावर ओरडले. म्हटलं, बोलायचं तिथे बोलला नाहीत, आता नदी चाळताय? म्हणाले, "अमोलला शब्द दिला होता ना." असला शब्द काय चाटायचाय? पण ज्या बरण्यांवर त्यांचा सगळा संग्रह उभा राहिला, त्या बरण्या अशाच भरतात. कुणीतरी साधं माणूस चांगल्या मनाने दागिना मोडीत देतं. हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, म्हणून ते कुणावर रागवलेही नाहीत. राग मला आला आणि अजून आहे.

लग्न झालं. ऋतुजा खरंच चांगली निघाली. सासऱ्याचा बाहेरचा डबा तिने पहिल्याच आठवड्यात बंद केला. एकदा मी खरवसाची वाटी द्यायला गेले, तर ती काकांसमोर जमिनीवर बसून लसूण सोलत होती. सोलता सोलता म्हणाली, "बाबा, अमोल सांगत होता, तुमच्याकडे तसले खूप खडे आहेत. दाखवा ना मला. काय असतं ते? आणि त्या अंगठीतली बाई कोण होती?"

मी दारातच थांबले. देवाला हात जोडावेसे वाटले. घरातल्या माणसाने विचारलं होतं, स्वतःहून, आणि उत्तर ऐकायला मान वर करून बघत होती. मिसळणाचा डबा तिच्या मागच्याच कपाटात होता.

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "ते होय? विकून टाकले गं सगळे. अडगळ नुसती."

"अरेरे. आणि ती बाई?"

"ती नकली होती. बाजारात पैशाला पासरी मिळतात तसल्या. आईला सांग तुझ्या, बरं केलंत म्हणावं."

ऋतुजा हिरमुसली आणि पुन्हा लसूण सोलू लागली. तिसऱ्या प्रहरी ती बाजारात गेलेली बघून काका डबा कापडात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. मी तोंडाचा पट्टाच सोडला. म्हटलं, काका, तुम्ही वेडे आहात. जन्मभर ज्याची वाट बघितलीत ते दारात आलं, आणि तुम्ही कडी लावलीत.

ते शांतपणे म्हणाले, "एक खडा दाखवला असता, तर पोर हुशार आहे, तिला कळलंच असतं की काय बुडालं. आईला बोलली असती. आई जन्मभर मनाला लावून घेणार. नुकतंच लग्न झालंय, ताई. तिच्या माहेरात असं काही नको घुसायला."

मी डबा माझ्या साड्यांखाली ठेवला. रडू येत होतं आणि त्यांना चार शिव्याही द्याव्याशा वाटत होत्या. चहा करते म्हटलं, तर नको म्हणाले.

त्यानंतर ते डबा बघायला एकदाही आले नाहीत. मीच कधीतरी काढते, कापूस नीट करते, परत ठेवते. मला त्यातलं फारसं कळत नाही.

परवा ऋतुजा जिन्यात भेटली. हातात भाजीची पिशवी, चेहरा काळजीचा. म्हणाली, "काकू, बाबांना काहीतरी छंद लावायला हवा हो. दिवसभर नुसते गॅलरीत बसून असतात. तुम्हाला सुचलं काही तर सांगा ना."

मी म्हटलं, "हो, बघते."