अप्पांची खुर्ची, बुवांचा उत्तररंग

गोड बोलून काम करून घ्यावं ते मीच! इतकी वर्षं कीर्तनं ऐकून देव भेटला की नाही ते मला ठाऊक नाही, पण कडू गोष्ट गुळात घोळवून कशी भरवायची हे मात्र पक्कं कळलं. बुवा नाही का, समोरच्या माणसांना तासभर लोभी, आळशी, अज्ञानी म्हणतात आणि तीच माणसं शेवटी वाकून त्यांच्या पाया पडतात! ती कला मी उचलली. खोटं बोलायचं नाही, कुणाला दुखवायचं नाही आणि काम सोडायचं नाही.

"यातलं मधलं तुला जमत नाही," आमचे हे म्हणतात. ह्यांच्याकडे लक्ष देऊ नका. मीही देत नाही.

तर सिंहगड रस्त्यावर, खडकवासल्याच्या अलीकडे 'सायंतारा' नावाचा वृद्धाश्रम आहे. दर एकादशीला शनिवार पेठेतून दोन बस बदलून मी तिथे भजनाला जाते. तिथली व्यवस्थापिका दीपाली ही गुणी मुलगी. पण देणगीदारांनी तिला जेरीला आणलंय! माणसं द्यायला तयार असतात हो, पण त्यांना जे द्यायचं असतं ते! वाढदिवस आला, आणा केळी. श्राद्ध आलं, आणा श्रीखंड. निम्म्या आश्रमाला मधुमेह, तरी श्रीखंड! आणि गेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ काय? भिंतीवरचं घड्याळ! आश्रमाच्या हॉलमध्ये इतकी घड्याळं आहेत की लग्नाच्या रुखवतात बसल्यासारखं वाटतं. प्रत्येकात वेगळी वेळ. एक आजोबा तर ज्या घड्याळात जेवायची वेळ सगळ्यात आधी होते, बरोबर त्याच्याखाली जाऊन बसतात.

"मावशी," दीपाली एकदा अगदी रडकुंडीला येऊन म्हणाली, "मला घड्याळ नको, केळी नकोत. कुसुमताईंसाठी एक कमोड चेअर हवीय. कुणी देत नाही. म्हणतात, त्यावर आमच्या आईचं नाव कसं घालायचं?"

कुसुमताई ओगले म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या बाई. आयुष्यभर ट्रंक कॉल जोडलेले, त्यामुळे आवाज असा की कानात कुजबुजल्या तरी धायरीपर्यंत ऐकू जावं. खुब्याचं ऑपरेशन झालेलं. आश्रमाचा संडास व्हरांड्याच्या टोकाला, वर दोन पायऱ्या. डॉक्टरांनी पायऱ्या बंद केलेल्या. पलंगावर भांडं घ्यायचं म्हटलं की बाई कडाडायच्या, "मी काय तान्हं बाळ आहे?" मग दोन बायकांच्या खांद्यावर हात टाकून ती वरात निघायची. ती टळावी म्हणून बाईंनी स्वतःच एक उपाय काढला होता. दुपारनंतर पाणी बंद! संध्याकाळचा चहा बंद! ओठ पापडासारखे सुकलेले. पुन्हा पुन्हा लघवीचा संसर्ग, पुन्हा पुन्हा सलाईन.

"अहो, पाणी प्यायला हवं," मी म्हटलं.

"पाणी आत घालायचा सल्ला सगळे देतात, प्रेमला," त्या म्हणाल्या. "बाहेरचं कुणी बोलत नाही."

मला झोप लागेना. आणि नेमका त्याच आठवड्यात ह्यांच्या चुलतभावाचा, अवधूतभाऊजींचा फोन आला. त्यांच्या वडिलांचं, अप्पांचं, वर्षश्राद्ध आलं होतं. अप्पा म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांच्यासमोर शिंकायचं झालं तरी आम्ही परवानगी घ्यायचो.

"वहिनी, त्या तुमच्या आश्रमाला अप्पांच्या नावानं काहीतरी द्यायचंय. घड्याळ कसं वाटतं?"

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. पण तोंडात गूळ! "भाऊजी, घड्याळ काय, वर बघितलं तर दिसणार. अप्पांचं नाव असं हवं की कुणाच्या तरी रोज उपयोगी पडेल. एका बाईंना खुर्ची हवीय. छान चाकांची, हातांची, गादी असलेली. पाठीवर ठळक नाव घालता येईल."

"वा! खुर्ची! हेडमास्तरांना खुर्ची शोभतेच!"

आता सांगा, यात खोटं काय होतं? चाकं होती, हात होते, गादीही होती. गादी उचलल्यावर खाली काय आहे ते त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

खुर्ची आली. गेनबा पेंटरनं पाठीवर पांढऱ्या अक्षरात रंगवलं : 'कै. यज्ञेश्वर विनायक रिसबूड यांच्या स्मरणार्थ'. खुर्ची कुसुमताईंच्या पलंगाशेजारी विराजमान झाली आणि चमत्कार झाला! बाई संध्याकाळचा चहा पिऊ लागल्या. आधी अर्धा कप, मग कप, मग "दीपाली, जरा आलं घालून!" ओठांना ओल आली. मी गेले तर म्हणाल्या, "प्रेमला, काल मी रात्री पाणी प्यायले. तहान लागली म्हणून! किती दिवसांनी!" मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण देणगी दिली आणि फोटो नाही, असं होतं का आपल्याकडे?

"वहिनी, अर्पण सोहळा हवा," भाऊजींचा फोन. "सगळे नातेवाईक बोलावतोय. आणि बरोबर कीर्तन ठेवू."

तिथे मी फसले. नुसता सोहळा म्हणाले असते तर मी शंभर सबबी सांगितल्या असत्या. पण कीर्तन! कीर्तन म्हटलं की माझी अक्कल चिपळ्यांच्या आवाजाबरोबर उडून जाते. मी चटकन म्हटलं, "ठेवू या की!"

सोहळ्याच्या दिवशी खुर्ची कुसुमताईंच्या खोलीतून हॉलमध्ये आणायची होती. बाई साशंक. "परत कधी देणार?"

"अहो, हार घातला, फोटो काढला की परत! तुम्ही निवांत चहा घ्या."

त्यांनी घेतला. दोन कप! वर पाहुण्यांसाठी केलेलं कोकम सरबतही घेतलं. माझ्या शब्दावर विसंबून!

खालचं भांडं मी खोलीतच काढून ठेवलं, खुर्चीभोवती जरीची शाल गुंडाळली, वर झेंडूचा हार. अशी सजली की क्षणभर मलाच नमस्कार करावासा वाटला. भाऊजी आले, त्यांचं सगळं गोत आलं. जाऊबाईंनी खुर्चीला हळदकुंकू वाहिलं. मी वरवर हसत होते.

आणि बुवा आले. लंगडत!

"गुडघ्यानं दगा दिला हो," बुवा म्हणाले. "नारदीय कीर्तन उभ्यानंच करायचं, पण आज क्षमा असावी. एखादी हातांची खुर्ची मिळेल का?"

मी "आणते हं, ऑफिसमधली" म्हणेपर्यंत भाऊजी पुढे सरसावले. "बुवा, ही काय! आमच्या अप्पांची! तुमच्यासारख्या हरिदासानं आधी बसावं, म्हणजे दानाचं सार्थक झालं!"

बुवा बसले! टाळ्या वाजल्या! दीपाली दारातून मला डोळ्यांनी जाब विचारत होती. मी छताकडे बघत होते.

म्हटलं, होऊ दे पूर्वरंग. अर्ध्या तासात मध्यंतर, बुवांना हार घालायला उठवू, खुर्ची पळवू. पण बुवा रंगले! पेटीवाला रंगला, तबलेवाला रंगला. त्यांना तरी दोष कसा देऊ, आवाज असा लागला होता की मीच मान डोलवत होते आणि मग एकदम आठवून स्वतःला चिमटा काढत होते. मध्यंतराला मी हार घेऊन धावले. बुवांनी बसल्या बसल्या मान पुढे केली!

"बुवा, जरा उठता का? पाय मोकळे होतील," मी कुजबुजले.

"छे छे, फार आरामशीर खुर्ची आहे!"

मी ऑफिसमधली प्लास्टिकची खुर्ची त्यांच्याशेजारी नेऊन ठेवली. "बुवा, ही घ्या, ही जास्त चांगली."

बुवांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि भरल्या डोळ्यांनी श्रोत्यांना म्हणाले, "पाहिलंत? या माउली मला काय सुचवतायत! बुवा, मऊ आसनाचा मोह सोडा! मंडळी, हाच तो विवेक!" आणि त्यावर पंधरा मिनिटं बोलले. त्याच मऊ आसनावर बसून!

मी ह्यांच्याकडे गेले. "अहो, आरती सुरू करा."

"उत्तररंगाआधी? लोक मला वेड्यात काढतील."

"काढू देत!"

ह्यांनी बिचाऱ्यांनी सूर लावला. भाऊजींनी एका हाताच्या इशाऱ्यानं खाली बसवला.

पहिल्या रांगेत कुसुमताई वॉकर धरून ताठ बसल्या होत्या. त्यांची नजर बुवांवर नव्हती, खुर्चीवर होती. चहानं आपलं काम सुरू केलं होतं. आणि बुवांनी उत्तररंगाला आख्यान कोणतं काढावं? पुरात सापडलेल्या भक्ताचं!

"पाऊस कोसळतोय! धो धो! नदी भरली, काठोकाठ भरली!"

कुसुमताईंनी ओठ दाताखाली धरले.

"पाणी चढतंय! बांध म्हणतो, आता मी धरू शकत नाही! खडकवासल्याचे दरवाजे उघडावेत तसा लोंढा..."

"बुवा, बास करा हो!" मी पुटपुटले. शेजारच्या बाईंना वाटलं माझा कंठ दाटला. त्यांनी मला रुमाल दिला.

"आणि त्या क्षणी भक्तानं काय केलं? मान, अपमान, लाज, सगळं सोडलं! आणि आर्त हाक मारली! कशी मारली असेल ती हाक?"

"बुवा!" कुसुमताई गरजल्या.

पेटी थांबली. बुवांचे डोळे पाणावले. "अशी! अगदी अशी! बोला बाई, काय म्हणता?"

"उठा! माझी संडासची खुर्ची आहे ती!"

हॉलमधली सगळी घड्याळं एकदम ऐकू यायला लागली. बुवांनी सावकाश शाल बाजूला केली, वाकून खाली पाहिलं. खालच्या पोकळीतून पलीकडच्या तबलजीचे पाय दिसत होते. मी जमिनीला विनवत होते की बाई, दुभंग! पण पुण्यातली जमीन, ती कशाला कुणासाठी दुभंगेल?

बुवा मात्र टुणकन उठले, गुडघ्यासकट! "या माउली, आधी तुमचं. कीर्तन थांबतं, हे थांबत नाही." दीपालीनं कुसुमताईंना खुर्चीत बसवलं आणि झेंडूच्या हारासकट खुर्ची सुसाट खोलीकडे नेली. आजवर इतक्या पालख्या पाहिल्या, पण असा वेग नाही!

मग भाऊजी फुटले. "वहिनी! आमचे अप्पा! हेडमास्तर! आणि तुम्ही त्यांना... त्यांच्या नावावर..." त्यांनी माझ्यावर बोट रोखलं. "मी उद्याच टेम्पो पाठवतो. खुर्ची परत न्यायची!"

माझी सगळी गोड वाणी संपली. परत? म्हणजे पुन्हा ते सुकलेले ओठ, पुन्हा सलाईन? "मला काय म्हणायचं ते म्हणा, भाऊजी, पण खुर्ची नका नेऊ!" मी चक्क हात जोडले.

तेवढ्यात कुसुमताई परतल्या. चेहऱ्यावर अशी शांती की बुवांनाही हेवा वाटावा. "खुर्ची नेणारे तुम्हीच का?" त्यांनी भाऊजींना विचारलं. "न्या. पण ऐकून जा. ह्या भिंतीवर इतकी नावं लटकलीत, त्यातलं एकही मला आठवत नाही. तुमच्या वडिलांचं नाव मला पाठ आहे. अंधारात चाचपडत मी आधी त्यांना हात लावते आणि म्हणते, यज्ञेश्वरराव, तुमचं भलं होवो. घड्याळाला असं कुणी म्हणालं असतं का, सांगा."

जाऊबाई पदरानं डोळे टिपू लागल्या. बुवा माझ्या कानाशी आले. मला वाटलं, आता काहीतरी उपदेश करणार. म्हणाले, "माउली, ही मिळते कुठे? घरी एक हवीय."

भाऊजींनी बराच वेळ खाकरून निकाल दिला. "खुर्ची राहू दे. पण अप्पांचं नाव काढा! तुमचं घाला, वहिनी. तुमचेच हे उद्योग!"

"घाला!" मी वैतागून म्हटलं. "माझं घाला, मोठ्या अक्षरात घाला!"

पुढच्या एकादशीला मी आणि हे आश्रमात गेलो. गेनबा नुकताच रंगवून बाहेर हात पुसत होता. खुर्चीच्या पाठीवर ठळक अक्षरात लिहिलं होतं : 'कै. सौ. प्रेमला रिसबूड यांच्या स्मरणार्थ'.

"गेनबा!" मी किंचाळले. "मी जिवंत आहे!"

"आता दिसतंय ना, बाई," तो ओशाळून म्हणाला. "पण इथं जित्या माणसाचं नाव कधी रंगवलंच नाही, हात सवयीनं गेला. खरवडतो आणि पुन्हा काढतो. वाळायला संध्याकाळ होईल."

"संध्याकाळ?" खोलीतून तो खणखणीत आवाज आला. "हात लावू नका! माझा दुसरा कप चाललाय!"

मी आशेनं ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी चष्मा लावून ती ओळ सावकाश, दोनदा वाचली आणि गेनबाला म्हणाले, "अक्षर सुरेख आहे हो. राहू दे."

तेव्हा मंडळी, सध्या मी कैलासवासी आहे. प्रकृती उत्तम आहे.